नऊ गाठोडी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सगुणाच्या गालातल्या पेशी काचपट्टीवरून खाली उतरल्या, माणसाएवढ्या झाल्या आणि प्रयोगशाळेतल्या वजनकाट्यापुढं रांग लावून उभ्या राहिल्या. इंदुमतीनं फक्त खुर्ची मागं सरकवली. जागा लागणार होती.

इंदुमती तिथली तंत्रज्ञ. एरवी हे काम यंत्र करायचं. रंगवलेल्या पेशींचे फोटो काढायचं आणि केंद्रक किती गडद दिसतं त्यावरून आतला डीएनए मोजायचं. यंत्र आजही सुरू होतं. पेशींनाच धीर निघाला नाही.

सगुणा तिची नणंद. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा, आठ महिने झाले. डॉ. खांडगे तीनदा ‘तोंड आलंय’ म्हणून गोळ्या लिहून मोकळे झाले होते. आज त्यांनी रिपोर्टवर ‘संशयास्पद’ लिहून सही केली तर उद्या तुकडा काढून खात्री व्हायची आणि चट्टा चट्टा असतानाच कापला जायचा. नाही केली तर सगुणा गोळ्या घेऊन गावी जाणार, आणि परत येईल तेव्हा अर्धा जबडा द्यावा लागणार.

“वन्सं, आजपण मिश्री लावून आलात?”

“मग? घाण तोंड घेऊन यायचं व्हय डॉक्टरकडं?” सगुणा बाकावरून म्हणाली. “दोनदा घासलीया.”

त्यामुळं रांगेत मधूनमधून जळक्या तंबाखूचे काळे कणही उभे होते, तेही माणसाएवढे. पंचाईत तिथंच होती. काळा कण आणि गडद केंद्रक, यंत्राला दोन्ही सारखंच.

पेशींच्या डोक्यावर डीएनएची गाठोडी होती. प्रत्येकीकडं दोन. एक आईचं, एक बापाचं. काटा दोनावर थांबला की इंदुमती “जा” म्हणायची. एखादी चार घेऊन यायची.

“एकीच्या दोघी व्हायच्या बेतात आहेस होय?”

“होय बाई.”

तीही सुटायची.

सतरावी आली ती पदर पुढं ओढून. काटा नवावर गेला. चाराच्या एवढं वर फक्त कॅन्सरची पेशी जाते.

“एवढी कुठनं आणलीस?”

“मी पेशी नाहीच,” ती म्हणाली. “मी मिश्री.”

तिच्या मागच्या तीन काळ्या कणांनीही तेच सांगितलं.

डॉ. खांडगे दाराजवळ भिंतीशी उभे होते. बोलताना त्यांचा उजवा गाल हलत नसे. तिथं तंबाखूची चिमूट कायमची मुक्कामाला.

“मिश्रीच आहे ती. नॉर्मल लिहा.”

नॉर्मल म्हणताच समोरची भिंत एक फरशी पुढं सरकली.

“सर, मिश्रीला गाठोडं नसतं.”

“वीस वर्षं बघतोय मी. नॉर्मल.”

आणखी एक फरशी. सगुणाचा बाक टेबलाला भिडला. पेशी अंग चोरून उभ्या राहिल्या.

“घरचा पेशंट म्हणून तुम्हाला नाही नाही ते दिसतंय. नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल.”

भिंत सगुणाच्या गुडघ्यांना टेकली.

“वहिनी, ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “गोळ्या घेती मी.”

“गप बसा वन्सं!”

इंदुमतीचं डोकं सणकलं. आठ महिने एक बाई आ करून दाखवतेय, आणि ह्यांना पेनाचं टोपण काढायचा कंटाळा! तिनं अख्खी रांग आधी आम्लानं धुतली, मग निळ्या रंगाची बादली उचलून सगळ्यांवर ओतली. तो रंग डीएनएलाच धरतो, दुसऱ्या कशाला नाही. मिश्री काळीच राहिली आणि शरमेनं चुरा होऊन फरशीवर पडली. बाकीच्या पेशी फिक्या निळ्या झाल्या, नववाली मात्र इतकी गडद निळी की खोलीतल्या ट्यूबलाइट मंदावल्या.

“आता बोला सर. ही कोण?”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या पाठीमागची भिंतही आता त्यांना चिकटली होती, आणि तो शब्द बाहेर पडायला खोलीत जागाच उरली नव्हती. त्यांनी सही केली.

भिंती धावत मागं गेल्या. नववालीनं पदर खाली घेतला आणि गाठोडी एकेक करून टेबलावर मांडली.

“एवढं सगळं माझ्या एका गालात?” सगुणा उठून उभी राहिली. “आन् मला म्हणं तोंड आलंय! मुडदा बशिवला त्या गोळ्यांचा. कधी कापताय, बोला!”

दोघी टाळ्या देऊन हसल्या. मग इंदुमतीनं काटा शून्यावर आणला, कारण डॉ. खांडग्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून एक पेशी उतरली होती. डोक्यावर कापड झाकून, खाली मान घालून ती काट्यावर चढली.

“एक आईचं,” इंदुमती म्हणाली. “एक बापाचं.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. काटा अजून हलत होता.