फुगलेली पट्टी
मित्रांनो, मला आता जुनी पट्टी म्हणतात. म्हणोत बापडे! मी वरून चांदीची आहे आणि आतून काळी, ठिसूळ, भाजलेल्या मातीसारखी. जपानात, ओसाकाच्या प्रयोगशाळेत, संशोधक कुनिकोने काळी भुकटी चांदीच्या नळीत ठासून भरली, नळी ओढून तिची तार केली आणि रोलरखाली दाबून मला घडवलं. मग भट्टी. पुन्हा रोलर, पुन्हा भट्टी! दाबलं की आतले कण एका दिशेने निजत, पण अंगभर तडे जात. भाजलं की ते तडे सांधत. अगं बाई, सांधायचंच होतं तर मोडलंस कशाला? मला काही उमगेना.

शेवटच्या भाजणीत माझ्या अंगावर बारीक फुगवटे उठले. मग तिने मला अतिथंड द्रवात बुडवलं. माझ्यातून वीज विनाअडथळा धावली. कुनिको नाचायचीच बाकी होती.

तिचे गुरू मोरिओका यांनी मला निरखलं. "हे काय गं, पुरळ उठल्यासारखं? उद्या पैसे देणारी टोकियोची मंडळी येणार. त्यांनी पाठ फिरवली तर भट्टी बंद. त्यांच्यापुढे हे ध्यान ठेवायचं?"

"पण सर, वीज जातेय ना!"

"जाऊ दे की. जरा नीटनेटकी होऊन जाऊ दे!"

गुरूंचा शब्द कोण मोडणार? तिने मला पुन्हा एकदा रोलरमधून काढलं. मी आरशासारखी गुळगुळीत झाले. पाहुणे म्हणाले, "वा, काय देखणी!" मी हरखले. पण थंड द्रवात उतरल्यावर वीज जागच्या जागी अडखळली. आत पुन्हा तडे गेले होते. पाहुणे चहा पिऊन म्हणाले, "विचार करून कळवतो." मला वाटलं, बरं झालं! कुनिको मात्र रडू लागली. जपानात 'विचार करतो' म्हणजे 'नाही'च, हे मला कुठे ठाऊक?

तिने मला पुन्हा भाजलं. पुरळ परत आलं आणि वीजही धावली.  ते पाहून मोरिओकांनी टोकियोला फोन लावायला घेतला.

"सर, नकारानंतर पुन्हा फोन? अब्रू जाईल!"

"गेली तर माझी जाईल. रोलर फिरवायला कोणी सांगितलं होतं?"

समोर नुसती भिंत, तरी फोन कानाला लावून ते कमरेत वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. पाहुणे पुन्हा आले. भट्टी अजून पेटती आहे.

देखणी होते तेव्हा मी मोडलेली होते, कुरूप दिसले तेव्हा धडधाकट. मित्रांनो, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. म्हणून एवढंच मागते: माझ्या फुगवट्यांवरून खुशाल हात फिरवा, पण दाबू नका.