साक्षीच्या कमरेचा कासरा

मी कासरा बोलतोय. बैलाला बांधायचा सुती दोर म्हणजे कासरा, हे आता सांगावं लागतं. बैलच कमी झाले.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात वैजनाथनं मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, मगच घेतलं. सहा वर्षं मी त्याच्या तांबड्या बैलाच्या गळ्याशी काढली. बैल गेला, ट्रॅक्टर आला आणि मी घरातल्या खुंटीला लटकलो. समोर टीव्ही होता, म्हणून फारशी तक्रार नाही. रिकामी माणसं तरी दुसरं काय करतात?

मग मला नवं काम मिळालं. वैजनाथचं शेत सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून आहे. पाण्याशेजारी राहणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून उन्हाळ्यात माझं एक टोक त्याच्या लेकीच्या, साक्षीच्या कमरेला असायचं आणि दुसरं शेतातल्या विहिरीच्या पायरीवर उभ्या असलेल्या तिच्या आईच्या मुठीत. शिवकन्याबाई ते टोक कुणाच्या हाती द्यायची नाही. तिचा धाकटा भाऊ हरीश कालव्यात बुडाला, तेव्हा ती काठावर उभी होती. नऊ वर्षांची.

त्यामुळे साक्षीनं पाण्यात हात मारला की आई मला ओढायची. पोरगी तरंगायच्या आधीच वर यायची. असे तीन उन्हाळे गेले. गावातली पोरं तिला चिडवायची, साक्षीला दावं लावलंय म्हणून. लाज मलाही वाटायची. दोन्ही टोकं माझीच, त्यामुळे मला ठाऊक होतं की थरथर पोरीच्या बाजूला नव्हतीच.

यंदा मे महिन्यात एका दुपारी टीव्हीवर सुपरहिरोचा सिनेमा लागला. निळा मुखवटा, पाठीवर लाल कापड, या इमारतीवरून त्या इमारतीवर उड्या. साक्षीनं पाठीला टॉवेल बांधला. वैजनाथचा घास हातातच राहिला. एका दोराला लटकून तो दरीत कलंडलेली बस वाचवतो, तिथं तर माझा पीळ ताठ झाला. टाळ्या मात्र त्याला एकट्याला. दोराचं नाव कोण घेतं?

पण मला खरा भावला तो उडीआधी. दर वेळी त्याचे गुडघे लटपटायचे. तो जरा थांबायचा, आणि मग झेपावायचा.

"आई, भेव वाटून राहिलं तरी तो उडी काहून मारतो?" साक्षीनं विचारलं.

शेंगा फोडणारी शिवकन्याबाई म्हणाली, "त्याच्या आईला इचार."

सगळे हसले. ती हसली नाही. बराच वेळ तिच्या हातात तीच शेंग होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ आधीच विहिरीत उतरून थांबला होता. साक्षी पायरीवरून आईकडे वळली.

"आज वढू नको. पप्पा हायेत पाण्यात."

आईनं माझं टोक मुठीत घेतलं. साक्षीनं उडी मारली, खाली गेली, वर आली, ठसकली. आईची मूठ माझ्याभोवती अशी आवळली की माझे दोन धागे तुटले. पण तिनं ओढलं नाही. मग एकेक बोट सुटत गेलं आणि मी पहिल्यांदाच सैल होऊन पाण्यावर पसरलो. पोरगी हातपाय मारत समोरच्या कपारीला जाऊन चिकटली. वैजनाथनं तिला बोटही लावलं नव्हतं.

शिवकन्याबाई पायरीवर बसली आणि हरीशचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. इतक्या वर्षांत तिला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. मलाही भरून आलं.

आता मी मधोमध विरलोय. फार दिवस टिकेन असं वाटत नाही. लेकरांचा दोर ज्यांच्या हाती आहे, त्यांना एवढंच सांगणं की धरा जरूर, पण कधीतरी सैलही सोडा.

साक्षीला आता माझी गरज नाही. तरी आज सकाळी मला खुंटीवरून काढलं. शिवकन्याबाईनं साडीचा काचा मारला, मला स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक लेकीच्या हातात दिलं.

"धर लेकरा. हात मातर सैल ठेव," ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.