चंदाबाईचा अंगठा

चंदाबाई अंगणात पाय पसरून नातीला जवसाच्या तेलानं चोळत बसली होती, तेव्हा कुंपणाशी दोन साहेब येऊन उभे राहिले. सून दिव्यानी चुलीपाशी आंबील घाटत होती. साहेब आयकर खात्याचे होते. सकाळपासून सात घरं फिरले होते आणि सातही घरांत 'आमाले माईत नाई' एवढंच ऐकून आले होते.

चंदाबाईनं त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

"आजी, मठात किती लोक येतात?"

मठ म्हणजे गावाबाहेर सागाच्या रानाला लागून असलेला इसरू महाराजांचा. चंदाबाई गावाची सुईण. निम्म्या गावाला तिनं आपल्या हातांवर झेललं होतं, आणि दर वेळी नाळ कापून झाली की त्याच मठाच्या दिशेनं हात जोडले होते. सकाळ-संध्याकाळ तिथं झाडलोटही तीच करी. फुकट, हौसेनं.

"किती म्हणजे? मोजाले येते का?" ती म्हणाली. "अवसेले गाड्याच गाड्या. सिरोंच्यातून येतेत, तेलंगणातून येतेत."

"पाया पडताना काही देतात?"

"देवापाशी रिकाम्या हातानं कोणी जाते का, साहेब? मी झाडते ना तिथी. नोटा झाडूनं लोटाव्या लागते." तिचा चेहरा उजळला होता. "मांगच्या अवसेले एका शेठनं नवी गाडी उभी केली, चाबी पायावर ठेवली. महाराजांनं तिकडं पाह्यलं बी नाई. चंद्रपूरले दोन मजली घर हाये महाराजांचं. चौकटीले हळद मीच लावली. असे महाराज हायेत का तुमच्या नागपुरात?"

एक साहेब लिहीत होता, दुसरा ओठ चावून हसू आवरत होता. लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं. अंगठा उठवताना चंदाबाई म्हणाली, "कमी नको लिवू बापा. महाराजांचा अपमान होईन."

आपण भिक्षेवर जगणारे बैरागी, उत्पन्न शून्य, असं महाराजांनी खात्याला लिहून दिलं होतं, हे तिला कुठून माहीत असणार?

तिसऱ्या दिवशी महाराजांचे चंद्रपूरचे वकील आले. सोबत मठातला सेवक पोचू होता. वकिलांनी कागद दिव्यानीपुढे धरला, कारण घरात बारावी शिकलेली तीच. 'मला भ्रम होतो, मी काय बोलले ते मला आठवत नाही,' असं सासूच्या नावानं त्यात लिहिलं होतं.

"मामी, अंगठा मांगून राह्यले," दिव्यानीनं सासूला सांगितलं.

वकील समजुतीनं म्हणाले, "बाई, कोणी विचारलं तर सांगायचं, पाच-दहा माणसं येतात, नारळ ठेवतात."

"पाच?" चंदाबाईनं कपाळावर हात मारला. "महाराजांपाशी पाच माणसं येतेत म्हणून सांगू? जीभ झडन माही."

"महाराजांचीच तशी इच्छा आहे."

"महाराज असं म्हणनच नाई. तुमी नवे आहा, तुमाले त्यांची लीला माईत नाई."

दिव्यानीनं पदर तोंडाशी धरला. हसू आलं होतं तिला. वकिलांना नाही आलं. जाता जाता ते तिच्या नवऱ्याला, हेमराजला म्हणाले, "आई समजदार नाही. निदान तुम्ही व्हा." हेमराज मठाचा ट्रॅक्टर चालवायचा. त्या दिवसापासून तो आईशी बोलेनासा झाला.

अमावस्या आली. भर दुपारी मांडव माणसांनी भरला. महाराज गादीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, की मठाच्या दारी सरकार येतं ते उगाच नाही, कोणाची तरी करणी आहे. त्यांनी सूप मागवलं, त्यात तांदूळ टाकले आणि ज्या नावाला सूप फिरेल त्या घरची करणी, असं म्हणत एकेका घराचं नाव घेऊ लागले. सूप त्यांच्याच हातात होतं. चंदाबाईच्या घराशी आल्यावर ते फिरलं.

"साहेबांच्या मनात हिनंच घातलं," महाराज म्हणाले. "हे बाई तुमच्या घरोघरच्या नाळा कापते. कापलेली नाळ कुठी नेते, इचारलं का कोणं?"

कोणीच कधी विचारलं नव्हतं. पण आता ज्याला त्याला आपलं दगावलेलं बाळ आठवलं. अन्नपूर्णाचं दोन वर्षांमागं तिसऱ्या दिवशी गेलं होतं. तीच पहिली उठली आणि तिनं चंदाबाईचा अंबाडा धरला. मग कोणी थांबलं नाही.

चेटकिणीचे पुढचे दात पाडले की तिचा मंत्र फुटत नाही, असं म्हणतात. पोचूनं दगड आणला. हात धरायला माणूस हवा होता. महाराजांनी हेमराजकडे पाहिलं. "पोटच्या पोरानं धरलं तं बाई सुटन."

हेमराजनं आईचे दोन्ही हात मागून धरले. दिव्यानी लेकीला कडेवर घेऊन ओरडत होती, चार बायकांनी तिला खांबाशी दाबून धरलं होतं. चंदाबाई मात्र ओरडली नाही. दगड पडेपर्यंत ती महाराजांकडेच बघत होती, एखाद्या आजाऱ्यानं वैद्याकडे बघावं तशी.

दुसऱ्याच दिवशी सकाळी कागद दारोदार फिरला आणि गावातल्या चाळीस जणांनी सह्या करून खात्याला कळवलं, की मठात कोणी काही देत नाही आणि जबाब देणारी बाई जादूटोणा करणारी आहे.

त्याच दिवशी दिव्यानीनं लेकीला कडेवर घेतलं, सासूला काळीपिवळी जीपमध्ये बसवलं आणि तालुक्याला, मुलचेऱ्याला आणलं. आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं. टेबलामागच्या हवालदारबाईनं चंदाबाईचं सुजलेलं तोंड पाहिलं आणि पेन उघडलं.

"आजी, दात कोणी पाडले?"

"कोणं नाई पाडले." फुटक्या ओठांतून शब्द सांडत होते. "माह्या अंगात ते होती. महाराजांनं काढली. मलेच माईत नव्हतं वो." मग तिनं सुनेकडे पाहिलं. "दिव्यानी, अन्नपूर्णाचं पोर मीच खाल्लं असन का?"

हवालदारबाईनं पेन खाली ठेवलं. "मार खाणारीच नाही म्हणते. काय लिहू?"

"मंग माह्या तोंडून लिवा," दिव्यानी म्हणाली. "मी पाह्यलं."

तिनं नावं सांगितली. महाराजांचं, पोचूचं, अन्नपूर्णाचं, खांबाशी धरणाऱ्या चौघींचं.

"हात कोणी धरले?"

चंदाबाईनं सुनेचा पदर ओढला. "नको वो पोरी. संसार मोडन तुहा."

"हेमराज," दिव्यानी म्हणाली. "माहा नवरा. आन् वकिलाचं बी लिवा. आधी कागद आणला, मंग सूप फिरलं. त्याच क्रमानं लिवा. याची नक्कल आयकरच्या साहेबांले पाठवा. चाळीस सह्या कशा झाल्या, ते कळू द्या त्याईले."

हवालदारबाईनं लिहिलं. जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम लावलं. पाच पानं झाली. प्रत्येक पानावर सही हवी होती.

दिव्यानीनं कडेवरची लेक सासूपुढे केली. "मामी, हिले धरा जराशी."

चंदाबाई भिंतीला चिकटली. "मी नाई धरत. बाधन तिले. तू दूर ने."

दिव्यानीनं आठ महिन्यांच्या पुनमला सासूपुढे फरशीवर ठेवलं, पाठ फिरवली आणि पेन घेतलं. पुनम रांगत गेली. आजीचं लुगडं मुठीत धरून उभी राहू लागली, तोल गेला तशी भोकाड पसरून रडली. चंदाबाईनं दोन्ही हात डोक्यावर उंच धरले होते, चुकूनही लेकराला लागू नयेत म्हणून.

दिव्यानीनं पाचही पानांवर सही केली. शेवटच्या पानापर्यंत ते हात वरच होते.