लिलीची अर्धी पाकळी

सासऱ्यांचा जीव लिलीत आणि सासूबाईंचा ठमाबाईत. ठमाबाई ही आमची मांजर. तिचा जीव कशातच नव्हता, तोंड मात्र सगळ्यात होतं.

बागप्रेमी मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. तिथे गेल्या वर्षीच्या विजेत्यानेच नव्याला कप द्यायचा असतो. कप सासऱ्यांकडे होता आणि तो हातातून जाण्याच्या कल्पनेने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. नेमक्या त्याच आठवड्यात ठमाबाईने त्यांच्या फुललेल्या लिलीची अर्धी पाकळी खाल्ली. माणसाने आरडाओरडा करावा की नाही? सासऱ्यांनी गुपचूप कात्री घेतली, उरलेल्या पाकळ्या तेवढ्याच कापल्या, तिच्या मिशांवरचे पराग पुसले आणि पेपर वाचत बसले. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

दुपारी ठमाबाई उलट्या करून सोफ्याखाली निपचित पडली. आम्ही तिघं तिला घेऊन दवाखान्यात धावलो.

"हिने काही खाल्लं का? झाड, फूल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो," सासूबाई म्हणाल्या. "पानाला नुसता हात लावला तरी हे घर डोक्यावर घेतात."

सासरे भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता फार मन लावून वाचत होते.

"नक्की ना? लिली असेल तर किडन्या जातात. मांजर वाचत नाही."

सासऱ्यांचं वाचन थांबलं. "अर्धी पाकळी," ते म्हणाले. "बाकीच्या मी कापून सारख्या केल्या."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, ठमाबाईला ठेवून घेतलं. "आता लघवी व्हायला हवी. तोवर काही सांगता येत नाही."

सासऱ्यांनी लिलीच्या सगळ्या कुंड्या त्याच संध्याकाळी देऊन टाकल्या. सासूबाईंनी त्यांना वेळेवर वाढलं, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

प्रदर्शनात शेजारच्या शिंप्याचा गुलाब पहिला आला. सासरे कप घेऊन स्टेजवर उभे राहिले, शिंप्याने हात पुढे केले आणि फोन वाजला. सासऱ्यांनी कप काखेत मारून फोन घेतला. समोर माईक आहे याचं भान कुणाला?

"केली," ते म्हणाले. "तिने शू केली."

शिंप्याचे हात तसेच पुढे.

तिसऱ्या रांगेतून सासूबाई उठल्या.

"भरपूर का हो?" त्यांनी विचारलं.