जास्तीची किल्ली

बाजारगल्लीच्या तोंडाशी किल्लीवाल्याची टपरी होती. आत बसलं की गुडघे बाहेर यायचे. पण गल्लीतल्या बहुतेक कुलपांना त्याचा हात लागलेला होता.

मागच्या मोकळ्या जागेत भलंमोठं सुपरमार्केट येणार आणि त्याच्या रस्त्यासाठी गल्लीही जाणार, असं कळलं तेव्हा दुकानदारांनी समिती काढली. अध्यक्ष झाल्या शाळेतल्या निवृत्त बाई. अर्धे दुकानदार त्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झालेले, त्यामुळे समितीतही हात वर केल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. अपवाद बेकरीवाल्या मामांचा. "माझ्या भट्टीवरून रस्ता नेऊन दाखवा म्हणावं!" ते गरजायचे आणि सगळ्यांना धीर यायचा. एकट्याने कुणी जागा द्यायची नाही, असं ठरलं होतं.

एका दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक अनोळखी माणूस टपरीशी आला. त्याने एक किल्ली पुढे केली. "अशीच अजून एक करा."

किल्लीवाल्याने ती उलटीपालटी केली. मामांच्या मागच्या दाराची किल्ली. ती त्यानेच घासून दिली होती.

"ही कुणाची?"

"आता आमचीच," माणूस हसून म्हणाला. "तुमचं काम फार सफाईदार आहे हो. आमच्याकडे सगळ्या तुमच्याच हातच्या जमल्यात."

किल्लीवाल्याला चेहरे आठवले. कापडवाला, चष्मेवाला, औषधवाला... सगळे हल्ली एकेक करून आले होते. जास्तीची एक असू दे घरात, म्हणाले होते. त्याने चेष्टाही केली होती, "गल्लीला विसरण्याची साथ आली की काय?" आणि कुणीच हसलं नव्हतं.

"मशीन बंद आहे," तो म्हणाला.

माणसाने मशीनच्या लाल दिव्याकडे पाहिलं. "हरकत नाही. वहिनी बऱ्या आहेत ना? त्या शिवणाच्या कारखान्यातून उशिरा येतात, आणि वाटेत तर दिवेही नसतात." किल्ली खिशात टाकून तो निघून गेला.

किल्लीवाला तडक बेकरीत गेला. मामा पीठ मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मामा, किल्ली दिलीत?"

"दार लाव आधी." मामांचा आवाज बसलेला होता. "रोज येऊन बसायचा रे तो. चहा घ्यायचा, गोड बोलायचा. नात कुठल्या वर्गात आहे, कुठल्या खिडकीशी बसते, सगळं त्याला ठाऊक. धमकी म्हणून एक शब्द नाही. मी तक्रार तरी काय करणार होतो?"

"मग सभेत ओरडता कशाला?"

"गप्प बसलो असतो तर तुम्हाला कळलं असतं ना."

त्या संध्याकाळी बाईंच्या घरी सभा होती. खोली गच्च भरली होती. घोषणा नेहमीपेक्षा जोरात झाल्या. किल्लीवाल्याने हात वर केला.

"बाई, सगळ्यांनी आपापल्या दुकानाच्या किल्ल्या टेबलावर ठेवाव्यात. जास्तीच्यासुद्धा. ज्याची जास्तीची सापडणार नाही, त्याने ती कुणाला दिली ते सांगावं."

बाईंना वाटलं, हा गंमत करतोय. मग त्यांनी समोरचे चेहरे पाहिले. चष्मेवाला चष्मा पुसू लागला. कापडवाल्याला एकदम घरचं काम आठवलं. मामा भिंतीला धरून उठले आणि चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरले. कुणी कुणाला अडवलं नाही. बघता बघता खोलीत बाई, किल्लीवाला आणि कोपऱ्यावरची शिंपीणकाकू एवढेच उरले. काकूंच्या दोन्ही किल्ल्या टेबलावर होत्या.

"आता?" काकूंनी विचारलं.

बाईंनी दोन्ही किल्ल्या काकूंना परत दिल्या. "सकाळी गल्लीत या," एवढंच म्हणाल्या.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. "उद्यापासून मी न्यायला येईन," तो म्हणाला. ती म्हणाली, "अहो, पण तुम्हाला घरी कोण आणणार?"

सकाळी तो पोचला तेव्हा पाडकामाचं पिवळं यंत्र बेकरीच्या भिंतीला भिडलेलंच होतं. भिंत आत कोसळली. पिठाचा पांढरा लोट गल्लीभर पसरला. दुकानांची दारं बंद होती, पण पडद्यांआड माणसं उभी असलेली दिसत होती. बाई घरून खुर्ची घेऊन आल्या आणि यंत्रासमोर ती मांडून बसल्या. काकू त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, किल्लीवाला दुसऱ्या बाजूला.

चालकाने यंत्र थांबवलं आणि खाली उतरला. तरुण होता, घाबरलेला.

"बाई, मी तुमच्या अंगावर घालणार नाही," तो हळूच म्हणाला. "पण उद्या माझ्या जागी दुसरा येणार आहे. त्याला मी ओळखतो. उद्या नका बसू."

"बसणार," बाई म्हणाल्या.

गल्लीच्या टोकाला एक गाडी येऊन उभी राहिली. काचा वर होत्या. तिच्यातून कुणी उतरलं नाही, आणि ती दिवसभर हललीही नाही.

किल्लीवाल्याने टपरीतलं स्टूल आणलं आणि काकूंना बसायला दिलं.