डुगडुगता पाय

मी एक जुनी खुर्ची आहे. काळीभोर, हातांची, पाठीवर कॉलेजचं सोनेरी चिन्ह असलेली. ऐरीगैरी समजू नका मला. अमेरिकेतल्या व्हर्मांटच्या मेपल लाकडाची आहे मी, एका निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांच्या सन्मानासाठी घडवलेली. ते मला घरी न्यायला विसरले, ते विसरलेच. तेव्हापासून बिझनेस स्कूलमध्ये, प्रवेशाच्या मुलाखतीच्या खोलीत माझा मुक्काम.

मित्रांनो, किती पोरं अंगावर घेतली मी! बाहेर एकमेकांना गोड हसून शुभेच्छा देणारी, आत माझे हात घामानं चिकट करणारी. पाय हलवून हलवून त्यांनी माझे सांधे ढिले केले. हिवाळ्यातल्या हीटरनं उरलासुरला सरस वाळवला. कचेरीतल्या मार्लीनबाई ओरडून थकल्या, "अरे, हिच्या पायाला सरस लावा कुणीतरी!" लावतोय कोण? पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, झाली दुरुस्ती. शिकलेली माणसं ना!

फेब्रुवारीत एका सकाळी ब्रेना ह्यूबर आली. गेल्या वर्षी इथंच तिला नकार मिळाला होता. या वेळी नाही म्हणाले, तर हा नाद सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

"अगं, वडील बाहेर बर्फात ट्रकमध्ये बसलेत. बोलवू का आत? कॉफी आहे," दारातून मार्लीनबाई म्हणाल्या.

"नको, नको! ते समोर असले की माझं तोंडच उघडत नाही."

मुलाखत घ्यायला डेझमंड आला. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. इथं वरच्या वर्गातली मुलंच मुलाखती घेतात. ब्रेनाचं एकेक उत्तर इस्त्री केलेलं. पण ती सारखी चुळबुळत होती आणि माझा पाय पुठ्ठ्यावरून सरकत होता. सरळ बस गं पोरी, हलू नकोस, मी जीव मुठीत धरून म्हणत होते. ऐकतंय कोण?

"तुम्हाला सपशेल अपयश आलं, असा एखादा प्रसंग सांगा."

या प्रश्नाला मागे रेलायचं आणि हसायचं, असं तिला शिकवणीत शिकवलं होतं. ती रेलली. "मी कामात स्वतःला इतकं झोकून देते, की—"

काड्! पाय निखळला. मी आडवी, ती जमिनीवर.

डेझमंड ताडकन उठला. "लागलं का? मी दुसरी खुर्ची—"

ब्रेना उठलीच नाही. तिथंच मांडी घालून बसली.

"ते उत्तर पाठ केलेलं होतं," ती म्हणाली. "खरं सांगू? बाबांची बेकरी छान चालली होती. मी हट्टानं दुसरं दुकान काढायला लावलं. दोन्ही बुडाली. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. आणि मी अजून त्यांना 'चुकले' म्हटलेलं नाही."

डेझमंडनं पेन ठेवलं आणि तोही खाली बसला. "पुढं सांगा."

पुढचं मला कुठलं ऐकायला मिळायला? मला उचललं आणि तळघरात टाकलं. पोरीला घेतलं की घालवलं, सांगायला काळं कुत्रं आलं नाही. उन्हाळा सरला. मग एकदा दिवा लागला. मार्लीनबाई, ब्रेना आणि सरसाची बाटली घेतलेले तिचे वडील.

"हीच, बाबा. हिनंच पाडलं मला."

"लाकूड तर भक्कम आहे. पुठ्ठा कुणी सारला होता?"

"तुमची लेक आता जिथं शिकायला लागलीय ना, त्या बिझनेस स्कूलनं," मार्लीनबाई म्हणाल्या. बापलेक एकदमच हसले.

मित्रांनो, घरातली खुर्ची डुगडुगली, तर पुठ्ठा शोधू नका. तिला उलटी करा, ढिला सांधा बघा, सरस भरा. आणि तो वाळेपर्यंत कृपा करून बसू नका.