शाळेत गेलेला पुतळा

मी एक जुना पुतळा आहे, मित्रांनो. चौकातला, ज्याच्या डोक्यावर कबुतरं बसतात तो नव्हे हं. एवढी आपली योग्यता नाही. मी गणवेशाच्या दुकानात काचेमागे उभा राहणारा, पहिलीतल्या मुलाएवढा पुतळा. अंग कागदाच्या लगद्याचं, हात लाकडाचे, आणि ते खांद्यातून वरखाली होतात. ज्या रंगाऱ्याने माझा चेहरा रंगवला, त्याने तोंड किंचित उघडं ठेवलं. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, आता हा काहीतरी बोलणार. आजवर बोललो नाही, ते आज बोलतो आहे.

दुकानवाल्या काकूंनी माझं नाव ठोंब्या ठेवलं. माझी काही तक्रार नाही, दिवसभर नुसतं उभं राहणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? माझं काम सोपं होतं. आज सरकारी शाळेचा पांढरा सदरा आणि निळी चड्डी, उद्या खासगी शाळेचा राखाडी कोट आणि टाय. टाय बांधली की माझी मान कशी ताठ व्हायची! तशी ती एरवीही ताठच असते, पण तेव्हा मनातून ताठ व्हायची. लोक थांबून म्हणायचे, काय गोड दिसतोय, आणि मी हुरळून जायचो.

दुपारी काचेवर रस्त्याचं प्रतिबिंब पडायचं. बसगाड्या माझ्या छातीतून जायच्या, शाळेची मुलं माझ्या पोटातून पळायची, आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, मीही चाललोय त्यांच्याबरोबर. पाठीवर दप्तर आहे, कुठेतरी घंटा होतेय. मग कोणीतरी दुकानाचं दार उघडायचं आणि सगळं हलून पुसलं जायचं. सगळ्या शाळांचे कपडे अंगावर चढले, पण शाळा काही बघायला मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

आमच्या दुकानात काजं-बटणं करायला एक ताई होत्या. त्यांची लेक बालवाडी सुटली की दुकानातच यायची. तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण घरी तिची टकळी म्हणे क्षणभर बंद नसायची. पण परकं माणूस दिसलं रे दिसलं की तोंडात मिठाची गुळणी. शेजारीण विचारो, डॉक्टर विचारो, ही आपली आईच्या मागे. फक्त माझ्याशी बोलायची. माझ्या पायाशी बसून सगळं सांगायची, आणि सांगून झालं की माझ्या उघड्या तोंडाकडे बघत थांबायची. मला कुठलं उत्तर येतंय! पण ती कधी रागावली नाही. “विचार करतोयस ना, ठोंबूदादा? कर,” असं म्हणून पुढचं सुरू करायची. इतक्या सबुरीने माझ्याशी कोणीच वागलं नव्हतं.

मग तिला पहिलीत घालायची वेळ आली आणि घरात दोन तट पडले. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी ते ताईंना न्यायला आले की काउंटरपाशीच वाद सुरू. बाबा म्हणायचे, सरकारी शाळा घरामागे आहे, पोर चालत जाईल. खासगी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि हिला बस लागते. ताईंचं म्हणणं वेगळं होतं. सरकारी शाळेत एकेका वर्गात पन्नास मुलं, त्यांत गप्प पोरीकडे कोण बघणार? त्या स्वतः तशाच वर्गात शिकल्या होत्या. मागच्या बाकावर बसायच्या, आणि वर्षानुवर्षं त्यांना कोणी काही विचारलंच नाही. हे ऐकलं की बाबा वाद तिथेच सोडायचे. काकू मधे पडून म्हणायच्या, माझा मुलगा खासगीत शिकला आणि चांगला शिकला, तिथे लक्ष देतात. खोटं नव्हतं ते.

खासगी शाळेने भेटीला बोलावलं. चिमणी तिथे एक अक्षर बोलली नाही. शाळेने मोठ्या मनाने पुन्हा एक संधी दिली, आणि ताईंना भलतीच कल्पना सुचली. त्यांनी काकूंकडे मला मागितलं. काकू हसून हसून लाल झाल्या, पण हो म्हणाल्या.

मित्रांनो, मी शाळेत निघालो! बसमध्ये कंडक्टरने माझं अर्धं तिकीट काढायला सांगितलं, सगळी बस हसली. चिमणीला एकदा उलटी झाली, तरी तिने माझा हात सोडला नाही. खिडकीच्या काचेवर रस्ता वाहत होता, पण या वेळी मी खरोखरच त्याच्यातून जात होतो.

ती शाळा स्वप्नातल्यासारखी होती. गुळगुळीत फरशी, मुलांच्या हाताला येतील अशी पुस्तकांची बुटकी कपाटं, पाण्यात तरंगणारे मासे. मोठ्या बाई मायाळू होत्या. त्यांनी मला चक्क खुर्ची दिली. चिमणीने माझ्याकडे तोंड करून माशांचे रंग सांगितले, अंक म्हटले, एक आख्खी गोष्ट सांगितली. बाईंनी जागा पक्की केली आणि हो की नाही ते उद्या कळवायला सांगितलं. मग हसून म्हणाल्या, “पण शाळेत हा नको हं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून प्रत्येक मूल उभं राहून बोलतं. होते सवय.” ताई आनंदाने मान हलवत होत्या. चिमणीने मात्र माझी बोटं अशी आवळली की एकाचा रंग निघाला.

परत येताना ताई सरकारी शाळेत डोकावल्या, कारण एकदा बघून येते असा त्यांनी नवऱ्याला शब्द दिला होता. भिंतींचे पोपडे निघालेले, नळाला तोटी नाही, आणि कलकलाट म्हणजे काय विचारता! घसा बसलेल्या एक बाई हजेरी घेत होत्या. त्यांनी आम्हाला बसायला जागा करून दिली आणि ताईंना विचारून शेवटी चिमणीचंही नाव घेतलं. चिमणी गप्प. सगळा वर्ग बघत होता. मग तिने हळूच माझा हात धरला आणि वर केला. माझा, स्वतःचा नाही.

“आलात ना दोघं? बसा,” बाई म्हणाल्या. ताई ओशाळून काही सांगायला गेल्या, तर बाई म्हणाल्या, “बोलेल तेव्हा बोलेल. तोवर हाही येऊ दे. पन्नास आहेतच, त्यात एक ठोंब्या मला जड नाही.”

संध्याकाळी दुकानात ताई बटण लावता लावता रडल्या. हातात आलेली जागा सोडायची कशी? बाबांनी वाद घातला नाही. तू म्हणशील तर खासगीत घालू, मी रोज तिच्याबरोबर बसने जाईन, एवढंच म्हणाले. ताईंनी बटणाचा दोरा तोडला.

“ती शाळा चांगली आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण तिथे तिला पहिल्याच दिवशी बोलायला लागेल. आणि ते तिला आत्ता नाही जमणार.”

असा मी सरकारी शाळेच्या पहिलीत बसलो. काकूंनी कुरकुरत माझ्या जागी हँगरवर सदरा टांगला. वर्गात मुलांनी माझ्या तोंडात खडू कोंबले, मला मॉनिटर केलं, आणि ढकलाढकलीत माझं नाक फुटलं. सगळं गोड होतं असं नाही. मधे बाईंना कुठल्याशा सरकारी कामावर धाडलं, दोन वर्ग एकात कोंबले, आणि बरेच दिवस शिकवणं झालंच नाही. ताई खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. आपण लेकीचं नुकसान केलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मलाही भीती वाटायची. चिमणी माझ्या कानात तेवढी कुजबुजायची, बाकी कोणाशी नाही.

बाई परत आल्या, दिवस गेले. एका दुपारी मी कोपऱ्यात उन्हात गुंगीत होतो. बाहेर नळापाशी भांडण जुंपलं होतं. आधी नंबर कोणाचा यावरून एक पोरगी तावातावाने बोलत होती, दुसरीला बोलूच देत नव्हती. हा आवाज मी ओळखत होतो, पण इतका मोठा कधी ऐकला नव्हता. फाटकाशी ताई थिजून उभ्या होत्या. शाळा सुटली होती, त्या आम्हा दोघांना न्यायला आल्या होत्या. त्यांनी आत येऊन मला उचललं, बाहेर आणलं आणि लेकीला हाक मारली.

चिमणीने मान वळवली. माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं.

“आई, तू ठोंबूदादाला घेऊन जा. मी येते मागून. आमचं भांडण अजून संपलं नाहीये.”

ताई मला काखेत धरून घरी निघाल्या. वाटभर हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. पण आयुष्यात एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

आता मी दुकानाच्या मागच्या खोलीत असतो. फुटक्या नाकाच्या पुतळ्याला काचेत कोण उभं करणार? कुठली शाळा बरी, हे मला विचारू नका मित्रांनो, मी पडलो ठोंब्या. पण तुमच्या वर्गात कोणी गप्प बसणारं असेल, तर त्याला बोल बोल म्हणून टोचू नका. शेजारी बसा आणि थांबा. आणि ते एकदा बोलायला लागलं आणि तुम्हालाच विसरलं, तर रुसू नका बरं का.